बाबांच्या झोपेची राखण

मला फार्मसीला प्रवेश मिळाला तेव्हा मी नेमकं काय शिकणार आहे, हे गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. मलासुद्धा नाही. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. गडचिरोलीकडच्या धानोऱ्याहून आत जंगलात आमचं गाव. कुणी म्हणायचं, पोरगी नर्स होणार. कुणी म्हणायचं, मेडिकल टाकणार, मग आपल्याला औषधं फुकट. बाबा काहीच म्हणाले नव्हते. जायच्या आदल्या दिवशी ते अंगणात बसून बांबू चिरून पातळ कमच्या काढत होते. मान वर न करता म्हणाले,

"झोप न येण्याची गोळी शिकवतात का वो तिथी?"

माय सूप पाखडता पाखडता हसली. "तुमाले काय कराची गोळी? तुमाले तं तशीबी झोप येत नाई."

"येते मले," बाबा म्हणाले. "मी येऊ देत नाई."

हे खरं होतं. आमची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, जंगलाला लागून आहे. धान भरायला लागलं की रानडुकरं उतरतात, आणि एक रात्र राखण चुकली तर सकाळी उभं पीक लोळवलेलं दिसतं. म्हणून धान कापून घरी येईपर्यंत बाबा रोज मचाणावर जागलीला जातात. डबा वाजवायचा, ओरडायचं, शेकोटी विझू द्यायची नाही. शेजारच्या बांधीवर आमचे एक नात्यातले मोठे काका असतात. दोघांच्या मचाणांमध्ये बरंच अंतर, मध्ये अंधार. थोड्या थोड्या वेळाने एकाने हाक द्यायची आणि दुसऱ्याने जवाब द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. जवाब आला की समजायचं, सगळं ठीक. नाही आला तर दुसऱ्याने टॉर्च घेऊन उठायचं आणि जवळ जाऊन बघायचं. साप असू शकतो, ताप असू शकतो, माणूस नुसता झोपलेलाही असू शकतो.

जवाब एकच. "जागा आहो!"

लहानपणी मी संध्याकाळी बाबांचा डबा घेऊन मचाणावर जायची आणि अंधार पडायच्या आत परत यायची. तेव्हाच हाका सुरू झालेल्या असायच्या.

"झोपला का गा?" काका तिकडून ओरडायचे.

"जागा आहो!"

"मंग घोरून कोण राह्यलं? डुक्कर?"

"डुक्कर तं तुमच्याच मचाणावर बसून हाय, भाऊ!"

मग दोघेही हसायचे. पण एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती. जागलीवरचा माणूस कधी "झोप येऊन राह्यली" म्हणत नाही. डोळे मिटलेले असोत, मान छातीवर पडलेली असो, हाक आली की तोंडातून "जागा आहो" निघतंच. इतक्या वर्षांत ते जिभेला बसून गेलेलं असतं. माय सांगते, बाबा घरी दुपारी झोपलेले असतानाही कुणी बाहेरून हाक मारली तर झोपेतच "जागा आहो" म्हणतात आणि कूस बदलतात.

बाबांच्या जांघेत गोळा यायला लागला तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. उभं राहिलं की गोळा बाहेर यायचा, आडवं झालं की आत जायचा. ते हाताने दाबून बसवायचे आणि पुन्हा बांबूचा भारा उचलायचे. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी हर्निया सांगितला. आतड्याचा भाग बाहेर येतो, आज आत जातो आहे, एखाद्या दिवशी अडकेल. अडकला तर आतडं सडायला वेळ लागत नाही, आणि तुमच्या गावाहून इथे पोचायला फार वेळ लागतो. ऑपरेशन करून घ्या, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

बाबा "हो" म्हणाले. ठरल्या दिवशी गेलेसुद्धा. पण भूल देणार म्हटल्यावर, "पाणी पिऊन येतो" असं सांगून निघाले आणि थेट बसस्टँड गाठला. माय दवाखान्यात शोधत राहिली. संध्याकाळी घरी येऊन बघते तर हे गोठ्यात बैलाला पाणी दाखवत होते.

दुसऱ्या वेळी पाण्याचं कारणसुद्धा न सांगता पळाले.

"भेता का तुमी?" माय चिडून म्हणाली.

"सुईले नाई भेत."

"मंग?"

"झोपलेल्या माणसाचं काय होऊन राह्यलं ते झोपलेल्याले समजत नाई," बाबा म्हणाले. "मी कधी असा झोपलो नाई."

मी चंद्रपूरहून फोनवर हे ऐकलं. हसूही आलं आणि भीतीही वाटली. होस्टेलवर रात्री फोन वाजला की पहिला विचार तोच यायचा, गोळा अडकला.

पुढे औषधशास्त्रात झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांचा धडा आला. तो मी इतर धड्यांपेक्षा जरा जास्तच मन लावून वाचला. खरं तर मला वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटते. माझी भाषा ऐकून कुणी हसत नाही, पण हसतील असं मला वाटत राहतं. त्या दिवशी मात्र मी हात वर केला आणि विचारलं की गुंगी येते म्हणजे मेंदूचं बटण बंद होतं का. मॅडम म्हणाल्या, बटण नसतंच. मेंदूतल्या पेशींना शांत करणारा एक पदार्थ आपल्या मेंदूत आधीपासून असतो, त्याला गाबा म्हणतात. तो पेशीच्या भिंतीतली एक वाट उघडतो, त्या वाटेने क्लोराइड आत येतं आणि पेशी निवते, तिचं बोलणं कमी होतं. आपली पुष्कळ औषधं या गाबालाच मदत करतात.

मला ते आमच्या बांधीवरून समजलं. बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे कडेच्या बांधाला, पाण्यासाठी एक वाट ठेवलेली असते. गाबा म्हणजे ती वाट उघडणारा घरचाच माणूस. चिंता कमी करायला किंवा ऑपरेशनच्या वेळी देतात ती मिडॅझोलॅमसारखी औषधं ती वाट स्वतः उघडत नाहीत. घरच्या माणसाचा हात हलका करतात, तो ती पुन्हा पुन्हा उघडतो. पूर्वी झोपेसाठी वापरत ती बार्बिट्युरेट नावाची जुनी औषधं जास्त झाली की घरच्या माणसाची वाटच बघत नाहीत, धुरा आपणच मोकळा करून ठेवतात. मग बांधी बुडते. म्हणजे श्वास मंदावतो, थांबूही शकतो. म्हणून ती आता झोपेसाठी फारशी देत नाहीत. नवी औषधंही निर्धोक नाहीत. दारूबरोबर घेतली तर दोघं मिळून श्वासावर बसतात. झोपेच्या गोळ्या रोज घेत गेलं की शरीराला सवय होते, तीच गोळी पुरत नाही, आणि एकदम सोडली तर झोप उडते, हात कापतात, कधी झटकेही येतात. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. सुट्टीत गावी गेले की कुणी ना कुणी "झोपेची एक गोळी आणून दे वो" म्हणायचं. मी एवढं सगळं सांगायला लागले की ते म्हणायचे, "राहू दे, मी तसाच झोपतो."

त्या धड्यातलं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं नव्हतं, तरी डोक्यात राहिलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "गुंगी देणं अवघड नाही. गुंगी दिलेल्या माणसाजवळ बसून राहणं, हे खरं काम आहे."

दिवाळीच्या सुट्टीत मी हे बाबांना सांगून पाहिलं. नीट जमलं नाही. गाबा म्हटल्यावर ते हसले, बांधीचं उदाहरण दिल्यावर म्हणाले, "पाणी सोडलं तं मंग बंद कोण करन?" शरीर हळूहळू औषध बाहेर टाकतं, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "अन् तोवर?"

तोवर काय, हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "चंद्रपूरला चला. ज्या डॉक्टर भूल देतात त्यांनाच विचारा. पटलं नाही तर मीच बसमध्ये बसवून देते."

बहुतेक या शेवटच्या वाक्यामुळे ते आले. धान कापून घरी आलं होतं, जागल संपली होती, त्यामुळे दुसरं कारणही उरलं नव्हतं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडमनी आम्हाला तपासायला बोलावलं. वयाने मायएवढ्या असतील. बाबा स्टुलाच्या अगदी कडेला, दाराकडे पाय करून बसले. मॅडमनी तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, छाती ऐकली. मग विचारलं, "काका, मोहाची घेता का?"

बाबांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"खरं सांगा," माय म्हणाली. "ते डॉक्टर हायेत, पोलीस नाई."

"सणावाराले," बाबा म्हणाले.

"अन् आठवडी बाजाराले," मायने जोड दिली. "अन् पावणे आले का."

"मॅडमने मले विचारलं का तुले?"

मॅडम हसल्या. "काका, मी रागवायला विचारत नाही. रोज घेणाऱ्याला औषध वेगळं लागतं, म्हणून विचारते. आतापासून एक थेंबही नाही. रात्री हलकं जेवा. सकाळी काही नाही, चहा नाही."

"आंबील?" मायने विचारलं.

"आंबीलही नाही. पोटात काही असेल आणि गुंगीत ते वर आलं तर श्वासनळीत जातं. म्हणून उपाशी ठेवतो, त्रास द्यायला नाही. पाणी किती आणि कधीपर्यंत ते सिस्टर सांगतील."

माय गोंधळली. आमच्याकडे आंबील कुणी खाण्यात धरत नाही, ती पाण्यासारखीच असते. तिने विचारलं नसतं तर सकाळी बाबांना वाटीभर पाजून, मग "काही खाल्लं नाई" असं मनापासून सांगितलं असतं. मला फार्मसीत असूनही हे सुचलं नव्हतं.

मग मॅडमनी समजावून सांगितलं. पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करायचा. त्यात माणूस झोपत नाही. घाबरला, फार हलायला लागला तर शिरेतून थोडं गुंगीचं औषध.

"ते नको," बाबा म्हणाले.

"का?"

मी काही बोलणार तेवढ्यात बाबाच म्हणाले, "मॅडम, तुमी औषध देऊन कुठी जाता?"

"म्हणजे?"

"औषध देल्लं. मी झोपलो. मंग तुमी कुठी असता?"

"तुमच्या उशाशी. शेवटपर्यंत."

"जेवाले जात नाई?"

"नाही."

"डुलकी येत नाई?"

"काका, मी झोपले तर माझी नोकरी जाईल. तुमच्या बोटाला एक चिमटा लावते, तो तुमच्या रक्तात हवा किती पोचते ते सांगत राहतो. त्याचा आवाज माझ्या कानात असतो. छाती हलते की नाही ते माझे डोळे बघतात. आणि मी अधूनमधून तुम्हाला हाक मारते."

बाबा स्टुलावर सरळ झाले. "हाक?"

"हो. 'काका' म्हणून. तुम्ही ओ दिली की मला कळतं, गुंगी बेताची आहे."

"अन् जवाब आला नाई तं?"

"तर जवळ येऊन खांदा हलवते. मी जवळच असते म्हणा. श्वास बघते, हनुवटी उचलते, ऑक्सिजन वाढवते. औषधाचा उतारा असतो, तो ट्रेमध्ये भरायला तयार असतो. पण उताऱ्याचा असर कधी कधी गुंगीच्या आधी संपतो. म्हणून उतारा दिला तरी मी उठून जात नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "हे तं जागलच हाय वो."

मी मान हलवली. मला वर्गात ऐकलेलं ते वाक्य आठवलं. आता ते सांगायची गरज नव्हती.

"मंग करा," बाबा मॅडमना म्हणाले. "पण हाक जोरात द्या. मचाण दूर असते."

मॅडमना मचाणाचं काही कळलं नसावं. त्यांनी "जोरात देईन" म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मला आत येऊ देतील असं वाटलं नव्हतं. बाबांनी दारातच माझा हात धरला आणि सोडेनात. मॅडम म्हणाल्या, "फार्मसीची आहेस ना? कपडे बदलून ये. उशाशी उभी राहा. कशाला हात लावायचा नाही, आणि चक्कर यायला लागली तर खाली बसायचं, धाडकन पडायचं नाही." हिरवा गाऊन माझ्या पायात येत होता. आयुष्यात पहिल्यांदा ऑपरेशनच्या खोलीत गेले ती स्वतःच्या वडिलांबरोबर.

पाठीत सुई देताना बाबा हूं की चूं करत नव्हते. काही वेळाने म्हणाले, "माहे पाय कुठी गेले?"

"इथेच आहेत, काका."

"मले तं दिसून नाई राह्यले."

"मध्ये पडदा लावला आहे."

"पडदा काऊन लावला?"

त्यांनी मान उचलून पडद्यापलीकडे बघायचा प्रयत्न केला. सिस्टरने मान खाली ठेवली. त्यांनी पुन्हा उचलली. हात बांधलेल्या पट्टीतून ओढायला लागले. यंत्राचा टिकटिक आवाज भराभर व्हायला लागला. कपाळावर घाम आला. अशा वेळी ते मचाणावरून खाली उतरून डुकराच्या मागे धावले असते. इथे पायच नव्हते.

"काका, थोडं शांत करते. मी इथेच आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी सलाइनच्या नळीत सिरिंज लावली आणि अगदी हळू, थांबत थांबत दट्ट्या दाबला. सिरिंजवर चिकटवलेलं नाव मी वाचलं, मिडॅझोलॅम. परीक्षेत मी त्याच्यावर पानभर लिहिलं होतं. पण ते औषध माझ्या बाबांच्या कपाळावरच्या आठ्या अशा एकेक करून पुसेल, हे पानभर लिहिताना मला माहीत नव्हतं. आधी भुवया सैल झाल्या. मग माझ्या हातावरची बोटं. टिकटिक सावकाश झाली. मला धुरा, वाट, पाणी सगळं आठवलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मास्क असल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

"काका?" मॅडमनी हाक मारली.

"जागा आहो!" बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की पडद्यापलीकडचे सर्जन दचकले.

"बरं," मॅडम म्हणाल्या.

काम सुरू झालं. थोड्या वेळाने पुन्हा, "काका?"

"जागा आहो!"

"मॅडम, हे तर टक्क जागे आहेत," सर्जन म्हणाले. "आणखी थोडं द्या ना. मध्येच उठून बसले तर?"

मॅडमनी बाबांच्या छातीकडे पाहिलं. माझंही लक्ष गेलं. दोन हाकांच्या मध्ये बाबांचा घसा बारीक घुर्र घुर्र करत होता. मला तो आवाज घरी ओसरीवरून येणारा म्हणून ओळखीचा होता. ते झोपले होते. मला खात्री होती. पण एवढ्या मोठ्या माणसांमध्ये बोलायचं कसं, हे कळेना. मी कोण? मला तर कशाला हातही लावायचा नव्हता. तरीही घशातून निघालं.

"मॅडम."

"बोल."

"बाबा जागे नाहीत. आमच्याकडे… जागलीवर हाक आली की असंच म्हणतात. झोपेतपण म्हणतात. घरी दुपारीसुद्धा."

मॅडमच्या डोळ्यांना सुरकुत्या पडल्या. मास्कच्या आत त्या हसत असाव्यात. "घोरत तर आहेतच. मी वाढवणार नव्हतेच. पण थांब, बघू." त्या वाकल्या. "काका, घरी भाजी काय केली?"

"जागा आहो!"

"काका, लेकीचं लग्न कधी करायचं?"

"जागा आहो!"

खोलीत हशा पिकला. सिस्टर तोंड फिरवून हसल्या. सर्जन म्हणाले, "जावई बघायला जागे आहेत म्हणा. चला, मी गुमान माझं काम करतो."

मॅडमनी बाबांची हनुवटी दोन बोटांनी जराशी वर उचलली. घुर्र थांबलं, श्वास मोकळा झाला. मग त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "काका, डोळे उघडा." बाबांनी डोळे उघडले, पांढऱ्या दिव्याकडे पाहिलं, जणू चंद्र जरा जवळ आला आहे, आणि पुन्हा मिटले.

"एवढं पुरे," मॅडम मला म्हणाल्या. "सांगितलेलं ऐकतात, श्वास स्वतःचा स्वतः घेतात. यापेक्षा खोल नको आपल्याला. जवाब येतो की नाही एवढंच बघून चालत नाही, सांगितलेलं समजतं का तेही बघायचं. तू सांगितलंस ते बरं केलंस. आता मी त्यांना प्रश्न विचारणार नाही, काम सांगेन."

मग त्या तसंच करत राहिल्या. हाक मारायची, बोट हलवायला सांगायचं. बाबा आधी "जागा आहो" म्हणायचे, मग सावकाश बोट हलवायचे. मॅडम एकदाही उशापासून हलल्या नाहीत. कुणीतरी दारातून चहाचं विचारलं, तर त्यांनी मान न वळवता हाताने नको म्हटलं.

ऑपरेशन झालं. सर्जननी आत ढकललेलं आतडं ठणठणीत होतं, वर जाळी शिवली होती. बाहेर मायला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि पहिला प्रश्न तिने हाच विचारला, "पळाले नाई ना?"

"पळायला पाय कुठे होते," मी म्हणाले.

वॉर्डात आणल्यावर बाबांची गुंगी हळूहळू उतरली. पायात मुंग्या यायला लागल्या. सुईनंतर गुंगीचं औषध दिल्यापासूनचं त्यांना काही आठवत नव्हतं. मला पुस्तकातून हे माहीत होतं. हे औषध नव्या आठवणी बसू देत नाही. माणूस बोलतो, बोट हलवतो, आणि त्याच्याजवळ त्यातलं काही शिल्लक राहत नाही. पण बाबांना ते कबूल नव्हतं.

"मी झोपलोच नाई," ते म्हणाले.

"मंग काय काय पाह्यलं?" मायने विचारलं.

बाबांनी बराच विचार केला. "पडदा."

"अन् मंग?"

"अन् मंग हे इथीच. पण मॅडमने हाक देल्ली असंन. अन् मी जवाब देल्ला असंन."

मायने माझ्याकडे पाहिलं. मला लग्नाचा प्रश्न आठवून हसू फुटत होतं. सांगून टाकावं, असं जिभेवर आलं. तेवढ्यात मॅडम राउंडला आल्या. त्यांनी नाडी बघितली, पायाचा अंगठा हलवून दाखवायला सांगितला. तो जरासा हलला.

"काय काका, झोप कशी लागली?"

"झोप कुठची, मॅडम. जागाच होतो मी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "हो तर. मी जितक्यांदा हाक दिली, तितक्यांदा तुम्ही जवाब दिला. एकही चुकला नाही."

बाबांनी मायकडे असं पाहिलं की बघ. माय म्हणाली, "बरं बाप्पा, जागे होते." मीसुद्धा मान डोलावली. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या.

दुपारी वॉर्ड शांत झाला. माय घरून आणलेलं सीताफळ माझ्या हातात देऊन खाली चादर टाकून आडवी झाली. बाबा उताणे पडून छताकडे बघत होते. पाय परत आले होते, पण उठायची परवानगी नव्हती.

"तुमच्या पुस्तकात ते लिहून हाय का," त्यांनी विचारलं, "का औषध देणाऱ्याने जवळ बसाचं म्हणून?"

"आहे."

"कोणतं औषध असो?"

"गुंगीचं कोणतंही असो."

"बरं लिहिलं हाय." मग, "आता कोण हाय जागलीले?"

"मी आहे, बाबा."

"तुले झोप नाई येत?"

"येते," मी म्हणाले. "येऊ देत नाही."

ते हसले, पोटावर हात गेला आणि टाके ओढल्यामुळे हसू अर्ध्यातच थांबलं. "हसवू नको वो," म्हणाले आणि डोळे मिटले. या वेळी नळीत कुणी काही सोडलं नव्हतं.

मी सीताफळाच्या बिया कागदात गोळा करत बसले. काही वेळाने सवयीने, हळूच म्हटलं, "बाबा?"

जवाब आला नाही.

मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. तरी नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. क्षणभर माझ्या हातातलं सगळं तसंच राहिलं. जवाब आला नाही तर माणसाने उठून जवळ जायचं असतं. मी तर जवळच होते. वाकून बघितलं. छाती वर जात होती, खाली येत होती. ओठ थोडे उघडे. घसा बारीक घुर्र घुर्र करत होता.

"काऊन हाका देऊन राह्यली?" माय खालून कुजबुजली. "झोपू दे त्याइले."

मी तिसरी हाक दिली नाही. स्टूल खाटेला लावून घेतला आणि त्यांच्या छातीकडे बघत बसले.